मनगटात प्लेट बसली, हाड जुळलं. आता अंगठ्याकडे लक्ष ठेवा

मनगट मोडलं, ऑपरेशन झालं, प्लेट बसली, टाके निघाले. दीड महिन्यानं एक्स-रे काढला आणि डॉक्टर म्हणाले, "हाड छान जुळतंय." बहुतेक घरांत उपचार इथंच संपतात. फाईल कपाटात जाते, एक्स-रे गादीखाली जातो आणि माणूस कामाला लागतो. हा लेख त्यानंतरच्या दिवसांबद्दल आहे.

प्लेटच्या कडेवर किंवा स्क्रूच्या टोकावर घासून मनगटातली एखादी कंडरा झिजू शकते आणि झिजता झिजता एक दिवस तुटू शकते. हे फार थोड्यांना होतं, त्यामुळे प्लेट बसलेल्या प्रत्येकानं धास्ती घेण्याचं कारण नाही. पण ज्यांना होतं त्यांतल्या बऱ्याच जणांचं मनगट आधी काही आठवडे किंवा महिने कुरकुरत असतं. ती कुरकुर ओळखता आली तर छोट्या ऑपरेशननं भागतं. नाही ओळखली तर दुसरीकडची कंडरा आणून जोडावी लागते आणि आणखी तीन महिने हात अडकतो. मी फिजिओथेरपिस्ट आहे. "हाड बसलं की वो, पण अंगठाच उठंना," असं म्हणत माणूस समोर बसतो तेव्हा दर वेळी वाटतं, की याला प्लास्टर निघाल्याच दिवशी एका मिनिटाची तपासणी कुणी शिकवायला हवी होती. ती तपासणी आणि तिच्या आगेमागे लागणारं सगळं इथं सांगतो.

आधी आत काय आहे ते समजून घ्या

कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी पांढरी, चिवट दोरी. गावाकडे जिला नस म्हणतात, तीच बहुतेक वेळा ही असते. बोटं वाकवणारे आणि सरळ करणारे मोठे स्नायू पंजात नसून कोपराच्या खाली असतात आणि त्यांच्या कंडरा मनगट ओलांडून बोटांत जातात. तळहाताच्या बाजूला अशा नऊ कंडरा एका अरुंद बोगद्यातून जातात आणि त्यांच्यासोबत मीडियन नावाची मज्जातंतूची दोरीही जाते. मनगटाच्या पाठीकडे बोटं उचलणाऱ्या कंडरा सहा कप्प्यांत विभागलेल्या असतात.

यांतल्या दोनच कंडरांची नावं लक्षात ठेवा, कारण डॉक्टरांच्या कागदावर तीच दिसतील. पहिली एफपीएल. ती अंगठ्याचं टोक वाकवते. सुईत दोरा ओवताना, बटण लावताना, बोंडातून कापूस ओढताना हीच काम करते. दुसरी ईपीएल. ती अंगठा वर उचलते आणि मागे ताणते.

आजकाल मनगटाच्या ऑपरेशनमध्ये प्लेट बहुधा तळहाताच्या बाजूनं बसवतात. एफपीएल त्या बाजूच्या हाडाला अगदी लागून जाते, मध्ये फक्त एक पातळ चौकोनी स्नायू असतो. सांध्याजवळ पोहोचताना हाडाची कड ओठासारखी पुढे येते. सर्जन त्या कडेला वॉटरशेड लाइन म्हणतात. प्लेट या रेषेच्या अलीकडे, हाडाला चिकटून बसली असेल तर कंडरा तिच्यावरून सुखानं सरकते. प्लेट रेषेच्या पुढे गेली किंवा हाडापासून उचललेली राहिली तर अंगठा वाकवताना प्रत्येक वेळी कंडरा धातूच्या कडेवर घासते. विहिरीच्या काठावर घासणारा दोर एका दिवसात तुटत नाही. एकेक धागा सुटत जातो आणि मग एखाद्या हलक्याच ओढीला तो जातो. इथं तसंच घडतं.

प्लेट पुढे बसली म्हणजे सर्जनचं चुकलं, असा निष्कर्ष लगेच काढू नका. फ्रॅक्चर सांध्याच्या इतकं जवळ असतं कधी कधी, की तो छोटा तुकडा धरायला प्लेट पुढे न्यावीच लागते. अशा वेळी सर्जनच्या मनात सुरुवातीपासून असतं, की हाड पक्कं झालं की ही प्लेट काढायची. अडचण होते ती पेशंट परत आलाच नाही तर.

ईपीएलची गोष्ट वेगळी आहे. मनगटाच्या पाठीवर हाडाचा एक छोटा उंचवटा असतो. बोटानं चाचपलात तर लागेल. ईपीएल त्याला वळसा घालून अंगठ्याकडे जाते. तळहाताच्या बाजूनं घातलेला स्क्रू थोडा जास्त लांब असेल आणि त्याचं टोक पाठीकडून मिलिमीटर-दोन मिलिमीटर बाहेर आलं, तरी या कंडरेला ते पुरेसं होतं. पाठीकडचं हाड सपाट नसल्यामुळे बाजूनं काढलेल्या साध्या एक्स-रेमध्ये ते टोक उंचवट्याच्या सावलीत लपू शकतं. म्हणून बरेच सर्जन ऑपरेशनच्या टेबलावरच मनगट वाकवून, हाडाच्या पाठीच्या रेषेतून वेगळा एक्स-रे बघतात. त्याला स्कायलाइन व्ह्यू म्हणतात. सांध्याजवळचे स्क्रू मुद्दाम आखूडही ठेवतात, कारण हाडाच्या जाडीच्या पाऊण भागापर्यंत गेलेला स्क्रूही तिथं चांगली पकड देतो.

ईपीएल ऑपरेशन न करताही तुटू शकते, हे फार कमी लोकांना माहीत असतं. हाडाला नुसती चीर गेलेली, तुकडा हललेला नाही, फक्त प्लास्टर घातलेलं, अशा हातातसुद्धा हे होतं. तिचा कप्पा घट्ट असतो. फ्रॅक्चरचं रक्त आत साचतं, दाब वाढतो, आधीच कमी असलेला रक्तपुरवठा आणखी घटतो आणि कंडरा आतून कुजल्यासारखी होते. हे बहुधा तिसऱ्या आठवड्यापासून पहिल्या दोन-तीन महिन्यांत दिसतं. म्हणून "आमचं तर साधं प्लास्टर होतं" म्हणणाऱ्यांनीही पुढची तपासणी करावी.

पहिले पंधरा दिवस: बोटं हलवा, हात वर ठेवा

या काळात कंडरा तुटण्यापेक्षा चिकटण्याची भीती मोठी असते. ऑपरेशननंतर आत रक्त आणि सूज असते. बोटं स्थिर राहिली तर कंडरा आजूबाजूच्या पेशींना चिकटते आणि नंतर ती सोडवायला महिने लागतात.

हात छातीच्या वर ठेवा. झोपताना शेजारी दोन उशा रचून त्यावर हात ठेवला की झालं. गळ्यातली झोळी बाहेर जाताना, गर्दीत धक्का लागू नये म्हणून वापरा. दिवसभर झोळीत हात ठेवला तर पंजा खाली लोंबतो, सूज उतरत नाही आणि खांदाही धरतो. साठीच्या पुढच्या बायकांमध्ये मनगट बरं होऊन खांदा आखडलेला मी वारंवार पाहतो. म्हणून कोपर आणि खांदा रोज पूर्ण हलवा, हात डोक्यावर नेऊन खाली आणा.

बोटांचा व्यायाम असा करा. सगळी बोटं सरळ ताठ. मग फक्त मुळाशी वाकवून पंजा टेबलासारखा. मग मुळाशी सरळ ठेवून फक्त टोकं आकड्यासारखी वाकवायची. मग पूर्ण मूठ. शेवटी बोटांची टोकं तळहाताच्या तळाला टेकवून चपटी मूठ. प्रत्येक स्थिती दहा वेळा, जागेपणी दर दोन तासांनी. अंगठ्यासाठी वेगळा वेळ काढा: दुसऱ्या हातानं अंगठ्याचा खालचा पेर धरून फक्त टोक वाकवा आणि सरळ करा. मूठ वळताना अंगठा नुसता आडवा पडून राहतो आणि एफपीएल हललीच नाही हे कळत नाही, म्हणून हे स्वतंत्र करायचं. दुखणं थोडं असेल, ते चालतं. ताण देऊन, दुसऱ्याकडून दाबून घेऊन मात्र करू नका.

मोडलेल्या हातातल्या बांगड्या, पाटल्या, अंगठी पहिल्याच दिवशी काढा. सवाष्णीचा हात मोकळा नको म्हणून घरात कुरकूर होते. दुसऱ्या हातातल्या बांगड्या राहू द्या, पण सुजणाऱ्या हातात काचेचं किंवा सोन्याचं कडं ठेवणं धोक्याचं आहे.

अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांत मुंग्या किंवा बधिरपणा वाढत चालला, बोट हलकेच सरळ केलं तरी असह्य कळ येऊ लागली, बोटं निळी-पांढरी पडली, तर सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री दवाखान्यात जा. टाके सहसा दहा ते चौदा दिवसांनी निघतात. जखम पूर्ण भरली की वणावर खोबरेल तेल लावून अंगठ्यानं घट्ट, गोल गोल दाबा, पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. कातडी खालच्या थरावर मोकळी सरकू लागली की कंडराही मोकळी होते. मनगट स्वतः कधीपासून हलवायचं हे सर्जन सांगतील. हाडाची पकड किती पक्की आहे ते त्यांनाच ठाऊक असतं.

तिसऱ्या आठवड्यापासून: एका मिनिटाची तपासणी

आठवड्यातून एक वार ठरवा. बाजाराचा दिवस ठरवलात तर विसरायला होत नाही. आजी-आजोबांचा हात असेल तर सुनेनं, मुलानं किंवा नातवानं करून घ्यावी. पाट किंवा टेबल आणि दोन्ही हात एवढंच लागतं. प्रत्येक हालचाल आधी चांगल्या हातानं करायची, मग ऑपरेशनच्या हातानं, आणि दोन्हींत फरक बघायचा.

पहिली हालचाल. तळहात पाटावर पालथा, सपाट. बाकी बोटं जागेवर, फक्त अंगठा पाटापासून वर उचला. अंगठा उचलला जातो आणि मनगटापासून अंगठ्यापर्यंत कातडीखाली ताठ दोरी उभी राहते, ती ईपीएल. अंगठा पाटाला चिकटूनच राहिला, दोरी दिसलीच नाही, तर ईपीएल गेलेली असण्याची शक्यता मोठी आहे. अंगठ्याचं टोक थोडंफार सरळ होतंय म्हणून फसू नका. पंजातले छोटे स्नायू ते काम थोडं करून देतात. कसोटी वर उचलण्याचीच आहे.

दुसरी हालचाल. दुसऱ्या हाताच्या चिमटीत अंगठ्याचा खालचा पेर घट्ट धरा आणि फक्त टोक वाकवा. टोक वाकलं तर एफपीएल शाबूत. अजिबात वाकलं नाही तर पुढे सांगितलेली मनगट मागे वाकवण्याची कसोटी बघा.

तिसरी हालचाल. प्रत्येक बोटाचा मधला पेर धरून टोक वाकवा. तर्जनीची कंडराही प्लेटजवळून जाते, क्वचित तिच्यावरही घासण्याची वेळ येते.

चौथी. पंजा पालथा धरून चारही बोटं एकत्र सरळ उचला. एखादं बोट मुळाशी खाली पडून राहतं का बघा.

पाचवी, आणि माझ्या मते सर्वांत मोलाची. चांगल्या हाताचा तळवा मनगटाच्या पुढच्या बाजूवर, प्लेटच्या जागी हलकेच ठेवा आणि अंगठ्याचं टोक वीसेक वेळा वाकवा-सरळ करा. मग तळवा मनगटाच्या पाठीवर ठेवून अंगठा वर-खाली करा. हाताखाली करकर जाणवते का? बारीक वाळू चोळल्यासारखी घरघर? हालचालीच्या एका ठरावीक टप्प्यावर खटका बसतो का? तिथंच टोचल्यासारखं दुखतं का? बाकीच्या चार हालचाली कंडरा तुटली की नाही ते सांगतात. ही पाचवी तुटण्याआधी सांगते.

पहिल्या महिन्यात थोडी घरघर सुजेचीही असते आणि ती कमी होत जाते. त्यानंतर नव्यानं आलेली किंवा वाढत जाणारी करकर वेगळी. ती आठ दिवसांच्या आत सर्जनला दाखवा. तोवर अंगठ्याची जोराची कामं बंद ठेवा.

टोक वाकत नाही म्हणजे प्रत्येक वेळी कंडरा तुटलीच असं नसतं. कंडरा चिकटलेली असू शकते, किंवा स्नायूला आज्ञा देणारी नर्व्ह दुखावलेली असू शकते. अंगठ्याचं आणि तर्जनीचं टोक एकाच वेळी वाकेनासं झालं, दोन्हींनी गोल करायला गेलं की चिमूट चपटी पडते, तर आधी नर्व्हचा संशय घ्यायचा. घरी एक गोष्ट करून बघता येते, पण सर्जननी मनगट हलवायला परवानगी दिली असेल तरच. हात ढिला सोडा आणि दुसऱ्याला तुमचं मनगट हळूच मागे वाकवायला सांगा. कंडरा अखंड असेल तर अंगठ्याचं टोक आपोआप थोडं आत वळतं, तुम्ही काहीच न करता. तुटलेली असेल तर ते तसंच लुळं राहतं. नक्की काय झालं ते डॉक्टर सांगतील, पण एवढं सांगता आलं तर त्यांचंही काम सोपं होतं.

एफपीएलची घासाघीस बहुधा उशिरा, काही महिन्यांनी किंवा काही वर्षांनी उघडी पडते. म्हणून पहिले तीन महिने दर आठवड्याला, मग वर्षभर दर महिन्याला, आणि प्लेट आत आहे तोवर दर सणाला तरी ही तपासणी करा.

सर्जनकडे जाताना काय न्यायचं, काय विचारायचं

जुने-नवे सगळे एक्स-रे न्या. मोबाईलमध्ये त्यांचे फोटो काढून ठेवा, उजेडाच्या खिडकीवर धरून, समोरून काढलेला आणि बाजूनं काढलेला दोन्ही. डिस्चार्ज कार्ड जपा. प्लेटचं स्टिकर त्यावर किंवा ऑपरेशनच्या कागदावर लावलेलं असेल तर त्याचाही फोटो घ्या, नसेल तर हॉस्पिटलकडून मागून घ्या. याचं कारण साधं आहे: वेगवेगळ्या प्लेटच्या स्क्रूंची डोकी वेगळी असतात आणि प्लेट काढायची वेळ आली तर त्याच मापाचा पेचकस लागतो. बिडात बसवलेली प्लेट लातुरात काढायची असेल तर हा कागद सोन्यासारखा उपयोगी पडतो.

प्रश्न मोजकेच विचारा, पण विचाराच. प्लेटची कड हाडाच्या ओठाच्या पुढे गेली आहे का? हाडाच्या पाठीकडे एखादा स्क्रू बाहेर आला आहे का? माझी प्लेट पुढे काढावी लागेल का, आणि कधी? पहिल्या प्रश्नाला सर्जन कदाचित सूंग ग्रेड शून्य, एक किंवा दोन असं उत्तर देतील. २०११ पासून वापरात असलेली ही वर्गवारी बाजूच्या एक्स-रेवर ठरवतात. शून्य म्हणजे प्लेट कडेच्या रेषेच्या आत, एक म्हणजे रेषेच्या पुढे आलेली पण ओठाच्या अलीकडे थांबलेली, दोन म्हणजे ओठावर किंवा त्याच्याही पुढे. ग्रेड दोन असेल तर उत्तर कागदावर लिहून घ्या आणि पुढच्या भेटीची तारीखही घ्या.

करकर किंवा दुखणं असेल तर सोनोग्राफी फार उपयोगी. हाडाच्या डॉक्टरांकडे सोनोग्राफी कशाला, असं लोकांना वाटतं. पण अंगठा हलवत हलवत कंडरा प्लेटवर घासताना प्रत्यक्ष दिसते, आणि धातूमुळे सीटी स्कॅनच्या चित्रात जो गोंधळ उडतो तो इथं कमी असतो. फक्त ज्या रेडिओलॉजिस्टला हात बघायची सवय आहे त्यांच्याकडे करा.

मराठवाड्यात घाटी (छत्रपती संभाजीनगर), अंबाजोगाई, लातूर आणि नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत अस्थिरोग विभाग आहेत. तिथं दाखवायला पुढारी किंवा ओळख लागत नाही, केसपेपर काढला की पुरे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा, शस्त्रक्रिया ठरल्यावर नाही.

हे अजिबात करू नका

दुखऱ्या जागी स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊ नका. "एक सुई मारली की आराम" असं सांगणारे जागोजागी भेटतात, आणि आराम पडतोही. पण झिजत चाललेल्या कंडरेजवळ स्टेरॉइड गेलं तर ती आणखी कमजोर होते, आणि दुखणं थांबल्यामुळे माणूस जोरानं काम करू लागतो. प्लेट बसलेल्या मनगटात इंजेक्शन घ्यायचं की नाही हे फक्त एक्स-रे पाहिलेल्या अस्थिरोगतज्ज्ञानं ठरवावं.

हाडवैदाकडून मनगट ओढून घेणं, काड्या लावून करकचून बांधणं, दुखऱ्या जागी चोळून घेणं नको. वणाची मालीश वेगळी आणि कंडरेवर जोर लावून रगडणं वेगळं. ज्यांना संधिवात आहे किंवा जे वर्षानुवर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या घेतात, त्यांच्या कंडरा आधीच अशक्त असतात, त्यांनी दुप्पट जपावं. आणि तंबाखू, मशेरी या काळात तरी सोडा. निकोटिनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड जुळायला उशीर होतो.

कामावर परतताना

कुठलं काम कोणत्या कंडरेवर येतं हे कळलं की क्रम लावता येतो. खाली दिलेली मुदत ऑपरेशनपासून मोजलेली आहे, आणि हाड नीट जुळत असल्याचं सर्जननी सांगितलं, असं धरून आहे.

पहिल्या सहा आठवड्यांत जेवणं, केस विंचरणं, मोबाईल, कपड्यांच्या घड्या. भाजी चिरताना विळीवर तो हात नुसता धरायला वापरा. सहा ते आठ आठवड्यांच्या पुढे कणीक मळणं हळूहळू. भाकरी थापणं त्याहून उशिरा, कारण थापताना मनगट मागे वळलेलं असतं आणि तळव्यावर भार येतो. आधी पिठाचा छोटा उंडा घेऊन लहान भाकरी करून बघा. दोन दिवस दुखलं नाही तर आकार वाढवा.

कापूस वेचणी हलकी वाटते, पण दिवसभर अंगठा-तर्जनीची चिमूट चालते, म्हणजे एफपीएल हजारो वेळा सरकते. प्लेट पुढे बसलेली असेल तर वेचणीवर जाण्याआधी सर्जनला जरूर विचारा. धार काढणं त्याहून कष्टाचं. बरेच जण अंगठा मुडपून, त्याच्या सांध्यावर सड दाबून धार काढतात. ती सवय सोडा, पूर्ण मुठीनं काढा, आणि शक्य असेल तर तीन महिने घरच्या दुसऱ्या कुणाला तरी ते काम द्या. मोटरसायकलवर डाव्या अंगठ्याला इंडिकेटर आणि हॉर्न असतो, उजव्याला स्टार्टरचं बटण. खड्ड्यांचे हादरे मनगटात उतरतात ते वेगळेच. हाड पक्कं झाल्याशिवाय आणि ब्रेक पूर्ण दाबता आल्याशिवाय गाडी घेऊ नका.

आता ऊसतोड. बीड जिल्ह्यातली आणि आजूबाजूची हजारो कुटुंबं दिवाळीच्या सुमारास निघतात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, त्यामुळे एकाचा हात मोडला की उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, दोघांच्या डोक्यावर राहते आणि माणूस हात बरा होण्याआधीच फडात जातो. ही ओढ मला समजते, म्हणून नुसतं "जाऊ नका" म्हणत नाही. पण निघण्याआधी तीन गोष्टी करा. सर्जनला दाखवून एक ताजा एक्स-रे काढा. मुकादमाला सांगा, की या हातानं कोयता तीन महिन्यांच्या आत नाही, मोळी बांधणं आणि डोक्यावर चढवणंही नाही. आणि तपासणी टोळीतल्या आणखी एकाला शिकवून ठेवा. सोलापूर, कोल्हापूर, सांगली, बेळगाव, जिथं जाल तिथल्या सरकारी दवाखान्यात मोबाईलमधले फोटो दाखवता येतात. करकर सुरू झाली तर पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, थांबू नका. पाडव्याला परत आल्यावर दाखवू म्हणणाऱ्याची कंडरा पौषातच तुटलेली असू शकते.

प्लेट काढावी का?

सरसकट नाही. प्लेट नीट बसली असेल, करकर नसेल, अंगठा-बोटं पूर्ण हलत असतील तर ती जन्मभर राहिली तरी चालते. थंडीत थोडं दुखतं म्हणून काढायची गरज नाही. काढावी ती प्लेट ओठाच्या पुढे असेल, स्क्रू पाठीकडून टोचत असेल, किंवा पाचव्या हालचालीत करकर आणि दुखणं टिकून असेल तर. हाड पूर्ण जुळल्यावर, बहुतेकदा सहा महिन्यांच्या पुढे हे करतात. पण इशारा स्पष्ट असेल तर सर्जन लवकरही निर्णय घेतील, आणि एखादा लांब स्क्रू तेवढा आधी बदलता किंवा काढता येतो. काढण्याचं ऑपरेशनही ऑपरेशनच आहे: स्क्रू प्लेटमध्ये जाम झालेले असू शकतात, मीडियन नर्व्हला सांभाळावं लागतं. तरीही ग्रेड दोनची, करकरणारी प्लेट "दुखत नाही फारसं" म्हणून ठेवणं मला पटत नाही.

पन्नाशीच्या पुढच्या बाईचं मनगट अंगणात नुसतं घसरून मोडलं असेल तर हाडं ठिसूळ झाल्याची ती पहिली सूचना असू शकते. हाडांच्या घनतेची तपासणी, कॅल्शियम, व्हिटॅमिन डी याबद्दल त्याच भेटीत विचारून घ्या.

कंडरा तुटलीच तर

पुष्कळदा ती फारशी न दुखता तुटते. खट्‌ असा आवाज येतो किंवा तोही येत नाही, आणि आधीचं दुखणं उलट थांबतं. म्हणून लोकांना बरं वाटतं आणि दिवस जातात. दुखणं अचानक गेलं आणि अंगठाही गेला, तर त्याच आठवड्यात दाखवा.

तुटलेली टोकं झिजून पिंजलेली असतात, त्यामुळे ती तशीच एकमेकांना शिवणं बहुधा जमत नाही. ईपीएलसाठी छान उपाय आहे. तर्जनी सरळ करायला निसर्गानं दोन कंडरा दिल्या आहेत. त्यांतली एक काढून अंगठ्याच्या कंडरेला जोडतात. तर्जनी दुसरीवर चालते. अनेक ठिकाणी हे ऑपरेशन फक्त जागा बधिर करून, पेशंट जागा असतानाच करतात. तुम्हाला टेबलावरच अंगठा उचलायला सांगतात आणि ताण बरोबर बसला का ते बघून गाठ पक्की करतात. उशीर झाला तरी हे ऑपरेशन करता येतं, कारण ओढणारा स्नायू दुसरा, ताजा असतो.

एफपीएलचं तसं नाही. तिचा स्वतःचा स्नायू महिने बेकार राहिला की आखडतो, म्हणून तिथं वेळेला किंमत जास्त. आधी प्लेट काढतात, नाहीतर नवी कंडराही घासेल. मग मनगटाच्या पुढच्या बाजूची पामारिस नावाची बिनकामाची म्हणता येईल अशी कंडरा मध्ये जोडतात. अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट थोडं आत वाकवलं की मधोमध जी दोरी उभी राहते ती हीच, काहींना ती जन्मतःच नसते. नाहीतर अनामिकेला वाकवणाऱ्या दोनपैकी एक कंडरा अंगठ्याला देतात. वय जास्त असेल आणि हाताचं काम थोडं असेल तर अंगठ्याचा टोकाचा सांधा वाकलेल्या स्थितीत पक्का करून टाकणं हाही चांगला पर्याय आहे. चिमूट घट्ट बसते आणि लांबलचक व्यायाम वाचतो. तुमच्या हाताला रोज काय करायचं असतं ते सर्जनला स्पष्ट सांगा, निवड त्यावर ठरते.

यानंतरचे तीन-चार आठवडे अंगठा पट्टीत असतो. काही सर्जन मोजकी हालचाल लवकर सुरू करतात, काही नाही. जे सांगतील तेच करा, शेजाऱ्याच्या ऑपरेशनशी तुलना नको. पट्टी निघाल्यावर मेंदूला नवी वाट शिकवावी लागते: ईपीएलच्या ऑपरेशननंतर पहिले काही दिवस "तर्जनी उचल" असं मनात म्हणत अंगठा उचलायचा, म्हणजे तो उठतो. हळूहळू तर्जनीचा विचार न करता जमू लागतं. साधारण सहा आठवड्यांपर्यंत अंगठा जोरानं ताणायचा नाही, वजन उचलायचं नाही. आठव्या आठवड्याच्या आसपास चिमटीत कपड्याचा चिमटा दाबणं, स्पंज पिळणं. खुरपं, विळा, कोयता तीन महिन्यांनंतर, तेही फिजिओथेरपिस्टनं दोन्ही हातांची पकड आणि चिमूट मोजून पाहिल्यावर. आणि दुसऱ्या हातालाही प्लेट असेल तर त्याचीही तपासणी त्याच दिवशी करून घ्या.